आवाज येतोय का?

तुमच्याही ओळखीत एक असणारच. नव्या छोट्या गाडीच्या पैशांत जुनी, दणकट जर्मन गाडी घेणारा, आणि ती झाकून ठेवून रविवारी पुसण्याऐवजी कोथिंबीर आणायलाही नेणारा. आमच्या सोसायटीतल्या अशा गृहस्थांना सगळे कॉम्प्रेसरकाका म्हणतात, कारण त्यांच्या गाडीच्या डिकीवर तो शब्द चकचकीत अक्षरांत लिहिलेला आहे. गाडी आली त्या दिवशी वॉचमनने भाबडेपणाने विचारलं, "काका, एसीची कामं घेता काय?" काकांनी त्याला त्याच्याच खुर्चीत बसवलं आणि हा कॉम्प्रेसर म्हणजे सुपरचार्जर, आणि सुपरचार्जर म्हणजे काय, ते समजावून सांगितलं. तेवढ्या वेळात दोन कुरिअरवाले, एक भंगारवाला आणि एक गाय आत येऊन गेली.

गाडी 2008 सालची. मर्सिडीज सी 200 कॉम्प्रेसर, 1.8 लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन, 184 अश्वशक्ती. काका आयकर सल्लागार. घर कोथरूडला, ऑफिस सदाशिव पेठेत. म्हणजे त्यातले पावणेदोनशे घोडे रोज नळ स्टॉपच्या सिग्नलला उभ्या उभ्या पेंगतात. उरलेले पेठेत सम-विषम तारखेचं पार्किंग शोधतात.

यात आमचं काही बिघडण्याचं कारण नव्हतं. पण काकांना आवाज येतात.

गाडीत तुम्ही बसलात की पहिल्या पन्नास मीटरमध्ये एसी बंद होतो, काचा खाली जातात आणि काका एक बोट वर करतात. "आवाज येतोय का?" तुम्ही म्हणावं, कसला? मागून पीएमटी हॉर्न देतेय, शेजारी रिक्षावाला कोणाच्या तरी मातोश्रींची चौकशी करतोय, मेट्रो डोक्यावरून चाललीय. "ते नाही रे. आत. बारीक." नाही म्हणालात तर "तुला कान नाही" असा शेरा मिळतो. हो म्हणालात तर गाडी डावीकडे घेतात, बॉनेट उघडतात आणि तुमची सकाळ संपते.

काकांच्या मते आवाज दोन प्रकारचे. एक हवा असलेला आणि बाकी सगळे नको असलेले. हवा असलेला म्हणजे सुपरचार्जरचा. इंजिनच्या पट्ट्यावर तो फिरतो, आतले दोन रोटर गरगरत हवा दाबून सिलिंडरकडे ढकलतात. जास्त हवा, जास्त पेट्रोल, जास्त ताकद. टर्बो बाहेर फेकून द्यायच्या धुराच्या जोरावर फिरतो, त्याला जाग यायला क्षणभर लागतो. सुपरचार्जर इंजिनाच्याच कमाईतून आपला वाटा काढून घेतो, पण तत्काळ देतो. कमावत्या मुलाकडून घरखर्च घेऊन त्यालाच बदाम भरवणाऱ्या आईसारखं हे खातं आहे. रोटर वेगात फिरले की एक बारीक, चढत जाणारी शीळ येते. ती शीळ ऐकू येऊ नये म्हणून जर्मन अभियंत्यांनी वर्षानुवर्षं डोकं लढवलं, आणि ती ऐकू यावी म्हणून काकांनी ती गाडी घेतली.

एकदा एका नातेवाइकांकडे गोडाचं जेवण होतं. पंगतीत माझ्या दुर्दैवाने मी काकांच्या डाव्या हाताला. जिलबी येईपर्यंत आम्ही अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात पोचलो होतो, जिथे रूट्स नावाचे दोघे भाऊ लोकरीच्या गिरणीची पाणचक्की सुधारायला निघाले आणि हवा ढकलणारं यंत्र करून बसले. 1860 चं पेटंट. ते आधी भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवायचं. मठ्ठा आला तेव्हा 1885 साल होतं आणि गॉटलीब डाइमलर इंजिनात हवा कोंबण्याचं पेटंट घेत होता. 1921 च्या बर्लिनच्या प्रदर्शनात सुपरचार्जरवाल्या मर्सिडीज गाड्या मांडल्या गेल्या, तेव्हा यजमान हात जोडून समोर उभे होते, दक्षिणा घेऊन. काकांनी त्यांनाही बोट वर करून थांबवलं. "श्श. तुमच्या पंख्याचा आवाज येतोय का?"

नको असलेल्या आवाजांची मात्र रोज सकाळी परेड असते. थंड इंजिन सुरू होतानाचे पहिले दोन सेकंद महत्त्वाचे. टायमिंग चेन वयोमानाप्रमाणे सैल पडली असेल तर तेवढ्यातच खडखडते, मग तेल चढलं की गप्प. त्या दोन सेकंदांसाठी खाली पार्किंगमध्ये संचारबंदी लागते. झाडूवाल्या मावशी झाडू हवेत धरतात. दूधवाला क्रेट छातीशी धरून उभा राहतो. शाळेच्या रिक्षातली पोरं तोंडावर बोट ठेवतात. काका किल्ली फिरवतात, मान तिरकी करतात, आणि मग "चला, चालू द्या" म्हणतात. तेव्हा कुठे आमच्या इमारतीत सकाळ होते.

मागच्या उजव्या बाजूने 'टक' येतंय, या संशयापायी त्यांनी मला डिकीत बसवून भुसारी कॉलनीपासून चांदणी चौकापर्यंत नेलं. दर स्पीडब्रेकरला गाडी तिरकी घ्यायची, कारण पोट घासतं; आणि दर स्पीडब्रेकरनंतर पुढून हाक, "आवाज येतोय का?" येत होता. माझ्या मणक्याचा. शेवटी स्टेपनीखालून काकूंना संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मिळालेली स्टीलची वाटी निघाली. "अगंबाई, ही इथे होती होय!" असं म्हणून काकू ती घेऊन वर गेल्या. माझी चौकशी कोणी केली नाही.

पैशांबद्दल बोलायची सोय नाही. एकदा इंजिन जागेवर थरथरू लागलं. नाना पेठेतल्या मिस्त्रींनी निदान केलं की सुपरचार्जरच्या खाली एक रबरी नळी आहे, ती कडक होऊन फुटलीय. इतक्या वर्षांच्या रबराने तरी आणखी काय करावं? नळी किरकोळ किमतीची, पण तिच्यापर्यंत पोचायला वरचं अर्धं इंजिन उतरवायचं. काका दोन दिवस रिक्षाने ऑफिसला गेले आणि दोन्ही दिवस त्यांनी रिक्षावाल्यांना त्यांच्या बेअरिंगबद्दल सल्ला दिला. काही सुटे भाग त्यांनी मुंबईला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून आणले आणि शिवनेरीत मांडीवर घेऊन बसले. पंधरा वर्षं झाल्यावर गाडीची नोंदणी नव्याने करायची वेळ आली. पूर्वी 600 रुपयांत होणाऱ्या कामाला 2022 पासून 5000 लागतात, वर पर्यावरण कर वेगळा. काका हसत हसत भरून आले. पण पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल आलं आणि ते खचले. आपल्याकडचं काही इथेनॉल उसाचं. "श्टुटगार्टच्या डोक्यातून निघालेलं इंजिन," काका म्हणाले, "आणि ते आता मळीवर चालवायचं?" तेव्हापासून ते शंभर ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी अर्धं शहर ओलांडून जातात आणि त्यातलं बरंचसं त्या फेरीतच जाळून येतात.

माणूस वाईट नाही. हे लिहायला मला जड जातंय, पण नाही. गणपतीच्या आदल्या आठवड्यात रात्री अकराला त्यांनी गॅलरीतून सांगितलं की पाण्याच्या पंपाचं बेअरिंग घरघरतंय. कमिटीने दुर्लक्ष केलं, तेव्हा स्वतःच्या पैशांनी माणूस आणून त्यांनी ते बदलून घेतलं. ऐन उत्सवात आमच्या शेजारच्या सोसायटीत टँकर आले, आमच्याकडे नाहीत. कोणाची स्कूटर, कोणाचं मिक्सर, काका जाड घरघर बरोबर ओळखायचे. रात्री-बेरात्री कोणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर तीच गाडी निघायची, आणि त्या वेळी मात्र काका वाटेत एकदाही बोट वर करत नसत.

मागच्या पावसाळ्यानंतर एका पहाटे ते मला ताम्हिणीच्या रस्त्याला घेऊन गेले. मुळशीच्या पुढे रस्ता मोकळा होता. काचा खाली. त्यांनी पाय दाबला आणि डोंगराच्या कडेवरून आपटून परत येत ती शीळ मला पहिल्यांदा स्वच्छ ऐकू आली. बारीक, वर वर चढत जाणारी. खरं सांगतो, अंगावर काटा आला.

"आवाज येतोय का?" काकांनी विचारलं.

"येतोय की! मस्त येतोय."

"कसा आहे?"

मला वाटलं परीक्षा घेताहेत. त्यांनी पुन्हा पाय दाबला आणि पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "सांग ना. कसा आहे? वर चढतो का अजून, की मध्येच तुटतो?" मग माझ्या लक्षात आलं की हा माणूस मला खरोखरच विचारतोय. कदाचित कितीतरी दिवसांपासून खरोखरच विचारत होता. शब्दांत काही मला जमेना, तेव्हा मी तोंडाने "ऊंऽऽ… ईंऽऽ…" असा आवाज काढून दाखवला. काकांनी डोळे रस्त्यावर ठेवून मान हलवली. "आणखी थोडा वर जायला हवा." मी आणखी वर गेलो. मुळशी धरणाच्या काठाने एक मर्सिडीज आणि तिच्यात शीळ काढणारा चाळिशीपुढचा माणूस, असे आम्ही निवे फाट्यापर्यंत गेलो.

कानाच्या डॉक्टरांनी आलेख काढून दाखवला. वयाबरोबर वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, खालचे राहतात. पंप राहिला, शीळ गेली. काकूंनी हे शांतपणे ऐकून घेतलं. "माझा आवाज जाऊन तीन वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "तेव्हा कोणी तपासायला गेलं नाही. गाडीचा गेला तेव्हा अपॉइंटमेंट घेतली."

दोन्ही कानांच्या मशिनांचा खर्च टायमिंग चेनच्या कामाएवढा निघाला. काकांचा कल अर्थातच चेनकडे होता. "चेन तुटली तर इंजिन जातं, कान काय, आहेत ते आहेत." निर्णय काकूंनी घेतला. कसा, ते विचारायची माझी हिंमत नाही, पण तो काकांना मशीन नसतानाही नीट ऐकू आला असावा.

आता काकांच्या कानात मशिनं आहेत आणि त्यांना शीळ ऐकू येते. पहिल्या दिवशी ते पार्किंगमध्ये गाडीत एकटेच बराच वेळ बसले होते, असं वॉचमन सांगतो. दुसऱ्या दिवसापासून त्यांना बाकीचंही ऐकू येऊ लागलं. डॅशबोर्डची किरकिर, इंडिकेटरची टिकटिक, वायपरचं रबर, एसीचं झाकण, चष्म्याच्या घरातला चष्मा. वहीच घातली आहे त्यांनी, तारीखवार. रोजचा ऑफिसचा रस्ता आता नाना पेठेवरून जातो.

परवा मिस्त्रींचाच मला फोन आला. आवाज रडवेला.

"साहेब, तुमच्या काकांना सांगा, गाडी आणायची तर कानातलं ते घरी काढून ठेवून या. सीटबेल्टचं बक्कल वाजतंय म्हणून दोन तास बसून होते. गिऱ्हाइकं परत गेली माझी. आणि जाताना काय म्हणावं, तुझ्या कॉम्प्रेसरची हवा गळतेय म्हणे."

"कुठल्या कॉम्प्रेसरची?"

"माझ्या हो, गॅरेजच्या. टायरात हवा भरायचा."

"मग? गळत होती?"

"होती ना! तीच तर पंचाईत आहे. आता ते रोज येणार."