ओला काका

ऐन जुलैत मुलुंड पूर्वेला, आमच्या इमारतीत लिफ्टचं दार उघडतं आणि आतून काका म्हणतात, "ओला!" नवखा माणूस आधी स्वतःच्या पँटकडे बघतो. "हो ना, रिक्षाच मिळेना," असंही एकदोघांनी उत्तर दिलंय. मग काका खुशीत समजावतात, की हा स्पॅनिश नमस्कार. लिहिताना 'एच' असतो, पण तो मुका. सुरुवातीला कित्येक महिने ते स्वतः 'होला, होला' करत हिंडायचे, हे मात्र सांगत नाहीत.

काका बँकेतून रिटायर झालेले. लेक वॅलेन्सियात, जावई तिथलाच. विहीणबाईंशी त्यांच्याच भाषेत बोलायचं, हा काकांचा पण. मोबाइलमधलं डुओलिंगोचं हिरवं घुबड रोज हजेरी मागतं आणि काका ती देतात. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं चालली होती तेव्हा त्यांच्या उजव्या मुठीत अक्षता होत्या आणि डाव्या अंगठ्याने धडा चालला होता. "स्ट्रीक तुटली असती हो!"

गोची एकच. काका स्पॅनिश शिकतात इंग्रजीतून, त्यामुळे साहेबाच्या यच्चयावत चुका इमानेइतबारे करतात. रोमन 'टी' दिसला की 'ट'. घरचा 'त' तोंडात तयार असताना 'तेंगो'चा 'टेंगो'. वय सांगताना 'आय अ‍ॅम'वरून 'सोय 68'. स्पॅनिश माणूस वर्षं 'बाळगतो', असं लेकीने सांगितलं, तेव्हा 'आन्योस'मधल्या एनवरची नागमोडी रेघ विसरले. रेघ गेली की वर्षांचं जे होतं ते दिवाळी अंकात छापता येत नाही. एकदा फोनवर कंटाळा आलाय म्हणायचं होतं. 'एस्तोय'ऐवजी 'सोय' लावून "मी कंटाळवाणा माणूस आहे" असं जाहीर केलं. आमच्या इमारतीत या वाक्यात कुणी चूक काढली नसती.

'आय लाइक'वरून ते 'यो गुस्तो' म्हणतात, म्हणजे साधारण 'मी आवडतो'. काकूंना जावयाने एकदाच सांगितलं, 'मे गुस्ता', मला आवडतं. "मग सोपंय की, आपल्यासारखंच," म्हणून त्या कुकरकडे वळल्या. तेव्हापासून काकांचं 'यो गुस्तो' ऐकू आलं की आतून प्रश्न येतो, "कुणाला?"

शेवटी 'आ' आला की बाईमाणूस, हा नियम काकांनी वहीत लाल शाईने लिहिलाय. पण 'प्रोब्लेमा' निघाला पुल्लिंगी. ग्रीकमधून आलाय म्हणून, असं जावई म्हणाला. "ग्रीक असेल, पण इथे खातं उघडलंय ना? मग केवायसी इथलंच!" 1713 साली माद्रिदला स्थापन झालेल्या रेआल अकादेमिया या स्पॅनिश भाषेच्या संस्थेलाच ते याबद्दल पत्र लिहिणार आहेत. मसुदा इंग्रजीत तयार आहे.

वॅलेन्सियाला गेले तेव्हा आंघोळीआधी 'सोप'वरून त्यांनी 'सोपा' मागितला. विहीणबाईंनी चकित होऊन गॅसवर सूप ठेवलं. काकू मागून नुसतं "साबण" म्हणाल्या आणि 'खाबोन' हजर झाला.

आता रविवारी व्हिडिओ कॉलवर दोघी विहिणी तासभर बोलतात. निम्मं मराठी, निम्मं स्पॅनिश, बाकी हातवारे. काका शेजारी वही घेऊन बसतात आणि दोघींचं व्याकरण सुधारतात.