कोण पाहिजे?

जिन्याच्या तोंडाशी, लेटरबॉक्सांच्या खाली, एक प्लास्टिकची खुर्ची असते आणि खुर्चीत पेपर असतो. पेपरामागे काका असतात. नवखा माणूस पहिल्या पायरीवर पाय ठेवतो न ठेवतो तोच पेपर नाकापर्यंत खाली येतो आणि प्रश्न सुटतो, “कोण पाहिजे?” पाहिजे असलेल्या माणसाचं नाव सांगितलं तरी सुटका नसते. “ते नाहीयेत.” बरं, त्यांच्या मिसेस? “त्या भिशीला गेल्यात. काम काय आहे?”

आमची सोसायटी पुण्यात सिंहगड रस्त्याला आहे. पण हे काका कुठल्याही गावच्या कुठल्याही सोसायटीत सापडतील. त्यांची नेमणूक कोणी केलेली नसते. बँकेतून किंवा वीज मंडळातून निवृत्त झाल्यावर दुसऱ्या सोमवारी ते खाली येऊन बसतात, ते बसतातच. कमिटीच्या निवडणुकीला मात्र उभे राहत नाहीत. सेक्रेटरीला हिशेब द्यावा लागतो. काकांना फक्त विचारायचं असतं.

पेपरातलं त्यांचं पान ठरलेलं. ‘बंद सदनिकेचा कडीकोयंडा उचकटून अज्ञात चोरट्यांनी’ इथपर्यंत ते मोठ्यांदा वाचतात आणि मग चष्म्यावरून सगळ्यांकडे असं बघतात, की अज्ञात चोरटे आपल्यातच बसले असावेत. भादंवि ४५४, ४५७, ३८० ही कलमं त्यांना पाढ्यांसारखी पाठ. २०२४च्या जुलैपासून भारतीय न्याय संहिता आली आणि घरफोडीची कलमं ३०५ आणि ३३१ झाली, तेव्हा काका आठवडाभर गप्प होते. एवढं पाठांतर वाया जाणं सोपं नसतं.

त्यांना नुसतं हसूनही चालत नाही. दाराला लटकलेली दुधाची पिशवी म्हणजे ‘घरात कोणी नाही’ अशी पाटीच, हे आम्हाला त्यांनीच शिकवलं. तळमजल्यावरच्या आजींची पिशवी एकदा दुपारपर्यंत दाराबाहेर राहिली, तेव्हा त्यांनी दार ठोठावून ठोठावून उघडायला लावलं. आजी तापाने फणफणल्या होत्या. काकांनी आधी पिशवी आत न घेतल्याबद्दल त्यांना झापलं, मग डॉक्टरांना बोलावलं. तोतया पोलिसांचं तंत्रही सगळ्या आजींना त्यांनी पढवून ठेवलंय. “‘पुढे दंगल झालीय, दागिने काढा, पुडीत बांधून देतो’ असं कोणी म्हणालं की समजायचं, हा भामटा. खाकी दिसली म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नाही!” हे ते दर संकष्टीला, देवळाला निघालेल्या आजींना अडवून सांगतात.

घोडं पेंड खातं ते पुढेच. काकांच्या संशयालाही वर्णव्यवस्था आहे. चारचाकीतून उतरला तो पाहुणा, दुचाकीवर आला तो चौकशीपात्र, पायी आला तो संशयित. घामेजलेला असेल तर जास्त संशयित. टाय लावलेल्या, हातात फोल्डर धरलेल्या माणसासाठी लिफ्टचं बटण काका स्वतः दाबतात. पार्सल घेऊन धावत आलेल्या पोराला मात्र आधी रजिस्टर. नाव, कोणाकडे, मोबाइल नंबर, वेळ, सही. रजिस्टरला सुतळीने पेन बांधलंय, त्याची रिफिल गेल्या गणपतीत संपली. पोरं कोरड्या पेनाने कागद कोरतात आणि पळतात. काका तो कोरा कागद उजेडात तिरपा धरून वाचतात.

आणि इतकी चौकशी करणाऱ्या काकांच्या स्वतःच्या दारामागे खिळ्यांची फळी आहे. तिच्यावर गावाला गेलेल्या निम्म्या बिल्डिंगच्या किल्ल्या टांगलेल्या. प्रत्येकीला चिठ्ठी, वळणदार अक्षरात: ‘बी-३०४, दापोली, १८ मेपर्यंत.’ दार सताड उघडं. का, तर येणाऱ्या-जाणाऱ्यावर लक्ष राहतं म्हणून.

इथपर्यंत सगळं गमतीचं. काकांच्या हाती कॅमेऱ्याचा फोन आला आणि गंमत जरा पातळ झाली. परवा एक माणूस गेटबाहेर उभा राहून वरच्या मजल्यांकडे बघत होता. काकांनी पेपराआडून त्याचा फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: ‘हा इसम रेकी करत आहे. सावध.’ माणूस एसी दुरुस्तीवाला होता आणि बाहेरचं युनिट नेमकं कुठल्या खिडकीपाशी आहे ते शोधत होता. तासाभरात एसी गार झाला, पैसे घेऊन तो गेलाही. फोटो मात्र निघाला होता. संध्याकाळी तो माझ्या मेहुण्याकडून, पार हडपसरहून, परत आला. खाली ओळ होती: ‘मुलं पळवणारी टोळी पुण्यात दाखल.’ एकटा माणूस चार तासांत टोळी झाला होता.

१ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच एका वाक्यावर जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं होतं. मी खाली जाऊन काकांना हे सांगितलं. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पण मी टोळी म्हटलं नव्हतं. इसम म्हटलं होतं.” रात्री त्यांनी ग्रुपवर खुलासा टाकला: ‘सदर इसम एसीवाला असल्याचे निष्पन्न झाले आहे.’ तो खुलासा हडपसरला काही पोचला नाही.

त्यानंतरच्या रविवारची गोष्ट. गेटातून खाकी कपड्यांतला एक माणूस आत आला. डोक्यावर टोपी, गळ्यात शिट्टी, कमरेला लाकडी पिस्तूल, पायांत रबरी चप्पल. बहुरूपी होता. लहानपणी आमच्या गावात दर सुगीला यायचे. तो आपलं ‘गेल्या जन्मी लग्नात पाच लाडू खाल्ले, आहेर केला नाही, वॉरंट निघालंय’ सुरू करणार, तोच काका खुर्चीतून उठले. काका कोणासाठी उठलेले आम्ही प्रथमच पाहत होतो. ‘कोण पाहिजे’ राहिलंच. त्यांनी रजिस्टर उघडून पुढे केलं, कॅमेरे कुठे आहेत आणि त्यांतले कुठले बंद आहेत ते बोटाने दाखवलं, किल्ल्यांची फळीसुद्धा दाखवली. बहुरूपी कसलेला कलावंत. त्याने पानं उलटली, भुवया चढवल्या, “ठीक आहे, असंच चालू द्या,” म्हणाला आणि सवयीने हात पुढे केला. काकांनी तो दोन्ही हातांनी धरून हलवला. बिचाऱ्याला बिदागी मी गेटबाहेर गाठून दिली.

दुपारी ग्रुपवर काकांचा मेसेज आला: ‘आज पोलीस खात्याकडून सोसायटीची अचानक पाहणी. अधिकाऱ्यांनी सुरक्षा व्यवस्थेबद्दल समाधान व्यक्त केले.’