चमचा म्हणजे कुठला?

टीव्हीवरची बाई हसतमुखाने सांगते, "आता यात घालूया दोन चमचे तेल," आणि आमच्या शेजारचे काका सोफ्यावरून ओरडतात, "चमचा म्हणजे कुठला?" बाई कशाला उत्तर देतेय? ती मोहरी टाकून मोकळी होते. काका टीव्हीचा आवाज बंद करतात आणि माझ्याकडे वळून म्हणतात, "बघितलंस? शुद्ध बेजबाबदारपणा!"

काकांची सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. निवृत्त झाल्यावर माणसं नर्मदा परिक्रमेला जातात, हास्यक्लबात जातात. काका स्वयंपाकघरात गेले, आणि गेले ते तपासणीलाच. केमिस्टकडून ५ मिलिलिटरची सिरिंज आणली ("सुई नको हो, मला आमटी करायचीय") आणि चमच्यांचा अख्खा खण ओट्यावर उपडा केला. चहाचे, पोह्यांचे, आइस्क्रीमचे, रुखवतात आलेले, कुणाच्या तरी मुंजीची तारीख कोरलेले, शिवाय एक असा, की तो घरात कसा आला हे कुणीच सांगेना. एकेकात सिरिंजने पाणी भरून पाहिलं, तर दिसायला जुळी भावंडं असलेल्या दोन चमच्यांपैकी एकात ४ मिलिलिटर मावलं आणि दुसऱ्यात साडेसहा. "इतकी वर्षं आपण काय खात होतो?" हा प्रश्न काकांनी इतक्या गंभीरपणे विचारला, की काकूंनी हातातली पोळी तव्यावर तशीच राहू दिली.

मग मुलीची जुनी नेलपॉलिश शोधून जे चमचे बरोबर ५ मिलिलिटरचे होते त्यांच्या दांड्यांवर लाल ठिपके दिले गेले. आजही त्यांच्याकडे पोहे खाताना आपल्या चमच्यावर ठिपका दिसला, की आपण तपासणीत पास झालो असं वाटतं.

तुळशीबागेत चमचे घ्यायला मी त्यांच्याबरोबर गेलो होतो. काकांनी खिशातून सिरिंज काढली. मला वाटलं, दुकानदार हाकलून देणार. पण पुण्यातला भांडीवाला तो! त्याने काही न बोलता फुलपात्रात पाणी आणून ठेवलं आणि एवढंच विचारलं, "सपाट की शिगोशीग?" काकांचे डोळे भरून आले. पाण्याला शीग नसते हे दोघांपैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

सपाट आणि शिगोशीग हा काकांचा हळवा विषय आहे. चहात साखर किती, असं विचारल्यावर आपण सहज "दीड" म्हणावं, तर ते सुरीच्या पाठीने चमचा सपाट करून दाखवतात आणि म्हणतात, "हा असा दीड ना?" ओलांडलेला प्रत्येक दाणा बरणीत परत जातो. तोवर चहावर साय धरते.

त्यांच्या फ्रिजवर एक तक्ता आहे. १ टीस्पून म्हणजे ५ मिलिलिटर, ३ टीस्पून म्हणजे १ टेबलस्पून, १६ टेबलस्पून म्हणजे १ कप. खाली लाल शाईत ताकीद: 'हे माप आकारमानाचे आहे, वजनाचे नव्हे.' म्हणजे १ टेबलस्पून पाणी १५ ग्रॅम भरेल, पण तेवढंच तेल चौदाच्या आतबाहेर आणि मैदा आठेक ग्रॅमच. काकूंची 'रुचिरा'ची प्रत तेलाच्या डागांनी पारदर्शक झालेली आहे. कमलाबाई ओगल्यांचं हे पुस्तक १९७० साली आलं आणि वाट्या-चमच्यांच्या भरवशावर घरोघरी नांदलं. काकांनी त्यातल्या प्रत्येक वाटीपुढे पेन्सिलीने मिलिलिटर लिहून ठेवलेत. पुढे छापील पुस्तकांत 'टी.स्पू.' आणि 'टे.स्पू.' आले तेव्हा तर त्यांना रात्रभर झोप नाही. "अरे, छापणाऱ्याची एक वेलांटी चुकली तर तिप्पट मीठ!"

मुळात ही तिपटीची भानगडच त्यांना मान्य नाही. त्यांच्या आईच्या वेळचं कोष्टक ते अजून डोळे मिटून म्हणतात: दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, चार शेरांची पायली. "सगळं कसं दुपटीत. भाऊ वेगळे झाले तरी धान्य वाटताना भांडण नाही. आणि या साहेबाला तीनच चमचे सुचले." (भाऊ दुसऱ्या कशावरून भांडत, ते काका सांगत नाहीत.)

गेल्या दिवाळीत मात्र या माणसाचं सोनं झालं. त्यांनी मेलबर्नच्या मुलीला आणि न्यू जर्सीच्या मुलाला चकलीची एकच कृती पाठवली होती: ४ कप भाजणी, ४ टेबलस्पून कडकडीत मोहन. मुलाच्या चकल्या उत्तम झाल्या. मुलीच्या कढईत विरघळल्या. व्हिडिओ कॉलवर तिने झाऱ्यातला चुरा दाखवला, नातवाने "आबा, ही चकली नाही, चिवडा आहे," असा शेरा मारला. काकू भाजणीला दोष देत होत्या. काकांनी तिला टेबलस्पून कॅमेऱ्यासमोर धरायला लावला. दांड्यावर २० लिहिलेलं! ऑस्ट्रेलियात टेबलस्पून ४ टीस्पूनचा असतो. म्हणजे ६० मिलिलिटरच्या जागी मोहन पडलं होतं ८०. कपही तिथला २५० मिलिलिटरचा आणि अमेरिकेतला २३७चा, पण तेवढ्याने काय भरपाई होणार? "तुझी चूक नाही बाळ, तुझ्या देशाची आहे," असं म्हणून काकांनी तिला निर्दोष सोडलं. त्या संध्याकाळी सोसायटीत ज्याने त्याने ही हकिगत ऐकली. लिफ्टमध्ये अडकलेल्यांनी दोनदा.

आता राहिल्या काकू. त्यांच्या कोशात जरासं, बेताचं, नखभर हिंग, सुपारीएवढा गूळ आणि पेरभर पाणी एवढीच मापं. काकांनी त्यांना बजावलं, मीठ आमटीत टाकण्याआधी वाटीत टाक, मी वजन करतो. महिनाभर वही चालली. तारीख, डाळ, मीठ, शेरा. आकड्यांना काही धरबंधच नव्हता. कधी ५ ग्रॅम, कधी ७, आणि आमटी रोज तीच, बोट चाटावं अशी. काका शेऱ्यात लिहीत गेले, 'कारण आढळत नाही.' एका मंगळवारी मात्र ११ ग्रॅम पडलं आणि आमटीही खारट झाली. काकांनी लगेच लिहिलं, 'खुलासा मागवावा.' वही काकूंपुढे ठेवली.

काकूंनी चष्मा लावला, नोंद वाचली आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'त्या दिवशी यांच्या बहिणीचा फोन आला होता.'

काकांनी खुलासा ग्राह्य धरला. हल्ली साडेदहा ते बारा या वेळात आत्याबाईंचा फोन आला, की ते स्वतः घेतात आणि ही आंघोळीला गेलीय म्हणून सांगतात.