एडी सभासद आहे का?

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी शक्यतो बोलत नाही. कोणाचा वाढदिवस असला की केक, कोणी गेलं की जोडलेले हात आणि बाकी सगळ्याला अंगठा. या तीन चित्रांवर माझं सामाजिक जीवन वर्षानुवर्षं सुरळीत चाललं होतं. मार्चमध्ये सेक्रेटरींनी मेसेज टाकला, ‘पाडव्याच्या क्रीडा महोत्सवात यंदा व्हिडिओ गेमची स्पर्धा घ्यावी अशी तरुणांची मागणी आहे. नियम समितीच्या अध्यक्षपदासाठी एक अनुभवी सभासद हवेत.’ मी सवयीनं अंगठा दिला. अर्ध्या तासात अभिनंदन सुरू झालं. दोघांनी केकही पाठवला.

खेळ ठरला ‘टेकन ८’. २०२४ च्या जानेवारीत बाजारात आलेला, म्हणजे तेव्हा अगदी ताजा. दोन माणसं समोरासमोर उभी राहून एकमेकांना बडवतात. पाचातल्या तीन फेऱ्या जो घेईल तो जिंकला. सोसायटीच्या वार्षिक सभेला नियमित बसणाऱ्याला यात समजायला अवघड असं काही नाही. खेळायची दोन यंत्रं मुलांनीच आणली, एक ए विंगमधून, एक सी विंगमधून. ती क्लबहाउसमध्ये मांडली. क्लबहाउस म्हणजे पंपाचे जुने सुटे भाग ठेवतो ती खोली. पण बिल्डरच्या माहितीपत्रकात तिला क्लबहाउस म्हटलंय, म्हणून आम्हीही म्हणतो.

पाडवा जवळ आला आणि अपडेट आलं.

सी विंगच्या मुलाचं यंत्र रात्री झोपेत असतानाच त्यानं अपडेट उतरवून घेतलं. ए विंगमधलं नेटला जोडलेलंच नव्हतं, ते होतं तसंच राहिलं. म्हणजे एकाच खोलीत, एकाच टेबलावर, एका यंत्रात नवा खेळ आणि दुसऱ्यात जुना. मुलांचे दोन तट पडायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ‘काका, तुम्ही अध्यक्ष आहात,’ असं दोन्ही तट मला वेगवेगळ्या सुरांत सांगून गेले.

जुन्या तटाचा पुढारी आमचा चॅम्पियन. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि जानेवारीपासून त्यानं या एकाच विषयाचा अभ्यास केलाय. त्यानं मला पार्किंगमध्ये गाठून सगळं शास्त्र समजावलं. गेममध्ये एका सेकंदाच्या साठ फ्रेम. सगळ्यात चपळ ठोसा दहाव्या फ्रेमला लागतो. आता तुम्ही लाथ मारलीत आणि समोरच्यानं ती अडवली. तुम्हाला सावरायला त्याच्यापेक्षा नऊ फ्रेम जास्त लागल्या तर वाचलात. दहा लागल्या तर त्याचा ठोसा बसलाच म्हणून समजा, मध्ये देव आला तरी अडवता येणार नाही. थोडक्यात, बनवणाऱ्यांनी कुठेतरी नवाच्या जागी दहा लिहिलं, की काल जी लाथ तुम्ही बिनधास्त मारत होतात ती आज मारली तर दात घशात.

‘आणि माझ्या मेनची लाथ स्लो केलीय असं ऐकलंय,’ तो म्हणाला. मेन म्हणजे आपलं ठरलेलं कॅरेक्टर. ‘काका, परवा पेपर आणि आज सिलॅबस बदलला, असं झालंय हे.’

मला त्याचं पटलं. मग सी विंगचा मुलगा आला. अपडेटमध्ये जुन्या चुका दुरुस्त केल्यात, चुकांवर जिंकणं हा काय खेळ झाला, असं म्हणाला. मला त्याचंही पटलं. अध्यक्ष होण्याची पात्रता माझ्यात आहे, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

शेवटी सेक्रेटरींनी रीतसर सभा बोलावली. व्हिडिओ गेमच्या सभेला मुलं येतील असं मला वाटलं होतं. मुलांचे वडील आले, आजोबा आले आणि परीक्षा तोंडावर असताना हे कोणाच्या डोक्यातून निघालं हे विचारायला दोन आया आल्या. बी विंगचे अण्णा स्वतःची खुर्ची घेऊन आले. अण्णा बुद्धिबळातले जाणकार. निवृत्तीनंतर त्यांनी तीनच गोष्टी धरून ठेवल्यात. पेन्शन, पथ्य आणि पटावरचा वजीर.

चॅम्पियननं सुरुवातच जोरदार केली. २०१८ च्या डिसेंबरात ‘फोर्टनाइट’वाल्यांनी दहा लाख डॉलर बक्षिसाच्या स्पर्धेत, ऐन अंतिम फेरीच्या वेळी, खेळात एक नवी तलवार आणून टाकली. ज्याच्या हाती ती लागेल तो बाकीच्यांना पुरून उरायचा. असा गदारोळ झाला की तीन दिवसांत तलवार काढून घ्यावी लागली आणि कंपनीला जाहीरपणे चूक कबूल करावी लागली. ‘म्हणून म्हणतो, स्पर्धेच्या तोंडावर अपडेट नको. २००१ साली आलेला एक मारामारीचाच गेम आहे, ‘स्मॅश ब्रदर्स मेली’. त्याला कधी अपडेटच आलं नाही. लोक त्याच्या स्पर्धा अजून घेतात.’

खजिनदारांनी मान डोलावली. आमचे खजिनदार टेबल टेनिस अजूनही एकवीस गुणांचं खेळतात. जगानं ते २००१ मध्ये अकरावर आणलं, पण त्यांना ते कळवलेलं नाही. क्रिकेटमध्येही २००५ साली तो सुपर-सब आणला होता, ते म्हणाले, आणि वर्षाच्या आत गुंडाळला. नाणेफेकीआधीच बदली खेळाडू जाहीर करायचा, म्हणजे नाणेफेक हरलेल्याचा बदली नुसता पाणी द्यायला!

मग अण्णा उठले. अण्णा उठले की लोक घड्याळाकडे बघतात.

‘तुमच्या या वजिराला,’ अण्णांनी सगळ्या मुलांकडे बोट फिरवत सुरुवात केली, ‘पंधराव्या शतकापर्यंत तिरकं एक घर चालता येत होतं. एक! उंट तिरका उडी मारून तिसऱ्या घरात पडायचा, बस्स. पंधराव्या शतकाच्या अखेरीला युरोपात कोणीतरी वजिराला सगळा पट मोकळा करून दिला. लोक ओरडले असतीलच. पण आज जुन्या वजिरानं कोण खेळतो?’

‘बफ केला त्याला,’ चॅम्पियन पुटपुटला.

‘काय केला?’

बफ म्हणजे ताकद वाढवणं, नर्फ म्हणजे कमी करणं, हे सभेला समजावून सांगण्यात पाच मिनिटं गेली. ती वाया गेली नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे मेंटेनन्स बफ होतो आणि पाहुण्यांचं पार्किंग नर्फ होतं.

अण्णांनी नंतर सुलतान खान काढला. मीर सुलतान खान, पंजाबचा. आपल्या देशी पद्धतीचं बुद्धिबळ शिकलेला. त्यात प्यादं पहिल्या खेळीलाही एकच घर चालतं. विलायती नियम त्याला मोठेपणी शिकावे लागले. तरी १९२९ साली विलायतेत जाऊन ब्रिटिश अजिंक्यपद घेतलं, पुढे १९३२ आणि १९३३ ला पुन्हा घेतलं, मध्ये हेस्टिंग्जला कापाब्लांकाला हरवलं. ‘त्यानं म्हटलं का, की माझं प्यादं एकच घर चालेल, तुम्ही अपडेट काढून टाका?’

खोलीत टाळ्या पडल्या. अण्णांची पाचवीतली नात सी विंगच्या मुलाच्या संघात आहे, एवढी नोंद इथे करून ठेवतो. एकूणच त्या संध्याकाळी ज्यानं ज्यानं तत्त्वाची गोष्ट काढली, त्याच्या तत्त्वाचं टोक ओढत गेलं की कुठल्या तरी घरातल्या मेनपर्यंत जाऊन पोचत होतं.

माझंही पोचत होतं. कारण या अपडेटबरोबर एडी आला होता.

एडी गोर्डो माझ्या पिढीला ठाऊक आहे. १९९७ चा ‘टेकन ३’. डोंबिवलीला स्टेशनजवळच्या व्हिडिओ गेम पार्लरमध्ये नाणं टाकून आम्ही तो खेळायचो. अंधार, पंख्याचा खडखडाट, आणि हातातल्या चिकट दांड्यावर आधीच्या गिऱ्हाइकाच्या भेळेचा वास. यंत्राला चार बटणं, दोन हातांची वरची दोन आणि दोन पायांची खालची दोन. जाणकार पोरं चारही बटणांची गणितं पाठ करायची. आम्ही एडीला घ्यायचो. हा ब्राझीलचा गडी नाचत नाचत लढतो. खालची दोन बटणं डोळे मिटून बडवत राहिलं की तो स्वतःच गरागरा फिरतो, हातांवर उभा राहतो, आणि समोरचा जाणकार जमिनीवर. पार्लरमध्ये एडीवाल्याला इज्जत नव्हती. पण पुढचं नाणं हरणाऱ्याला टाकावं लागायचं.

आणि महोत्सवात चाळिशीपुढच्यांसाठी वेगळा गट होता. त्यात माझं नाव होतं.

मी शक्य तितक्या अलिप्त आवाजात विचारलं, ‘एडीचं काय करायचं?’

‘एडी कोण?’ सेक्रेटरी दचकले. वही उघडून म्हणाले, ‘कुठल्या विंगचा?’

‘तो ब्राझीलचा आहे,’ कोणीतरी सांगितलं.

‘मग प्रश्नच मिटला. स्पर्धा फक्त सभासद आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे. मागे क्रिकेटला बाहेरचा बॉलर आणला तेव्हा किती वाद झाला होता!’

एडी हे माणूस नसून कॅरेक्टर आहे, ते वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं आणि सी विंगच्या मुलानं स्वतःच्या खर्चानं घेतलंय, असं सांगितल्यावर सेक्रेटरी आणखी गंभीर झाले. पैसे भरलेत म्हणजे पावती असणार, पावती असेल तर हक्क सांगतील. भाडेकरू म्हणून चालेल का, यावर थोडी चर्चा झाली.

एवढ्यात अण्णांच्या नातीनं हात वर केला. बऱ्याच वेळापासून तो वर होता, पण पाचवीतल्या हाताकडे सभाशास्त्र बघत नाही.

‘अपडेट झालेलं परत मागे नाही नेता येत,’ ती म्हणाली. ‘दादानं गेम ऑनलाइन घेतलाय, त्याच्याकडे डिस्क नाहीये. डिलीट करून परत टाकला तरी नवाच येणार. दोन्हीवर एकसारखा पाहिजे असेल तर दुसऱ्यावरच नवा टाकावा लागेल.’

सभा शांत झाली. दोन तास आम्ही ज्याचा निर्णय घेत होतो, तो निर्णय सी विंगच्या यंत्रानं रात्री झोपेतच घेऊन टाकला होता.

पण सेक्रेटरी कच्च्या गुरूचे चेले नाहीत. जे होणारच आहे ते ठरावाशिवाय झालं तर उद्या ऑडिटला काय सांगणार? मसुदा अण्णांनीच सांगितला आणि एकमतानं मंजूर झाला: ‘कोणत्याही खेळात त्याच्या निर्मात्यांनी अथवा मान्यवर संघटनेने केलेले बदल सोसायटीच्या सर्व स्पर्धांस तत्काळ लागू राहतील.’ एडीबाबतचा अधिकार अध्यक्षांना दिला. तो एकाच यंत्रावर असल्यानं खुल्या गटात घेणं अन्यायाचं झालं असतं, म्हणून मी तिथे बंदी घातली. मोठ्या स्पर्धांमध्येही नव्यानं आलेलं कॅरेक्टर काही दिवस बाजूला ठेवायची पद्धत आहेच. चाळिशीपुढच्या गटाला मात्र वयाचा विचार करून परवानगी दिली. माझ्या या समतोल निर्णयाचं खजिनदारांनी कौतुक केलं. तेही त्या गटात होते.

पाडव्याला कळलं, की तेही त्या काळी पार्लरमध्ये जायचे. आम्ही समोरासमोर आलो आणि दोघांनी एडीच घेतला. स्क्रीनवर एकसारखे दोन ब्राझिलियन गरागरा फिरत होते, हातांवर उभे राहत होते, एकमेकांच्या अंगावरून जात होते. खाली आम्ही दोघं दात-ओठ खात खालची दोन बटणं बडवत होतो. यातला आपला कोणता, हे दुसऱ्या फेरीनंतर मला कळेनासं झालं. त्यांना तर पहिल्यापासूनच कळत नव्हतं. निकाल स्क्रीनवर लिहून आला तेव्हा नातीनं वाचून सांगितलं की खजिनदार जिंकले, आणि मुलांनी काढलेला व्हिडिओ तोपर्यंत ग्रुपवर आला होता. त्याला चव्वेचाळीस अंगठे.

खुल्या गटात चॅम्पियनच जिंकला. त्याची ती लाथ बदललेलीच नव्हती. अपडेटची यादी वाचली कोणी असेल तर नातीनं, आणि तिनं उपांत्य फेरी हरेपर्यंत त्याला ते सांगितलं नाही.

मे महिन्यात अण्णांची बुद्धिबळ स्पर्धा आली. चॅम्पियन त्यांच्याकडे गेला आणि म्हणाला, यंदा दर खेळीला काही सेकंद वाढवून देणारी घड्याळं लावू; फिशर १९९२ साली स्पास्कीशी असंच घड्याळ लावून खेळला होता, आता जगभर हेच चालतं. अण्णा एकेका खेळीला वीस-वीस मिनिटं घेतात. आजवर स्पर्धेत घड्याळ होतं ते भिंतीवरचं.

‘फिशरचं मला शिकवू नकोस,’ अण्णा म्हणाले. ‘स्पर्धा चार दिवसांवर आलीय आणि आता कसले नवीन नियम काढता?’

चॅम्पियननं सेक्रेटरींकडून वही मागून आणली आणि ठराव खणखणीत आवाजात वाचला. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

‘तो व्हिडिओ गेमपुरता होता ना हो?’

सेक्रेटरींनी वही आपल्याकडे ओढली, ओळीखाली बोट धरून पुन्हा एकदा वाचलं आणि म्हणाले, ‘कोणत्याही खेळात. आणि खाली सूचक म्हणून सही आपलीच आहे.’