नडगीरक्षक लोखंड आणि वरंध्याचा घाट

मोटारसायकल ही धावण्यासाठी विकत घेतात, असा एक लोकापवाद आहे. परंतु ती दारात येऊन उभी राहिल्यापासून पुढे घरात जी खलबते चालतात, जे सल्ले सादर होतात आणि जे लहानमोठे तहनामे घडतात, त्यांत तिच्या धावण्याचा उल्लेख क्वचितच निघतो, आणि सारा ऊहापोह ती केव्हा पडेल, कोठे पडेल व कोणत्या कुशीवर पडेल, याच एका विषयाभोवती फिरत राहतो. आमच्या बुलेटच्या बाबतीत तर हार घालून नारळ फोडण्याच्या आतच माझ्या मेहुण्याने इंजिनाच्या दोन्ही अंगांच्या रिकाम्या जागेकडे दृष्टी लावून, “दाजी, लेगगार्डाशिवाय कोकणात उतरायचं म्हणजे...” एवढेच उद्गार काढले, आणि वाक्य पुरे करण्याचे काम माझ्या कल्पनाशक्तीवर सोपविले.

बेत असा होता की, पुण्याहून भोर, वरंध्याचा घाट, महाड, म्हसळा असे करीत हरिहरेश्वरास पोचावे आणि तेथून बाणकोटची खाडी ओलांडून दापोलीकडे जावे. गाडीचे वजन 195 किलो. हे वजन गाडी चालती असेतो जाणवत नाही. ती थांबली आणि जमिनीचा उतार आपल्या पायाच्या अंदाजापेक्षा चार बोटे अधिक निघाला की मात्र त्याचा एकदम साक्षात्कार होतो.

लेगगार्डाची वार्ता सासुरवाडीस पोचताच सासरे जातीने हजर झाले. ते कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असल्यामुळे कोणत्याही वस्तूकडे प्रथम मनाईहुकमाच्या अंगाने पाहतात. “जावईबापू, सरकारने गार्डांना बंदी केलेली आहे. दंड भराल,” असे त्यांनी चहा येण्यापूर्वीच बजावले. आता डिसेंबर 2017 मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाने राज्यांना तसे पत्र लिहिले होते, हे खरे. परंतु त्याचा रोख चारचाकी गाड्यांच्या तोंडाला लावतात त्या बुलबारांवर, म्हणजे ज्यांच्यामुळे पादचारी आणि गाडीतील मंडळी या दोन्ही पक्षांना धोका संभवतो अशा लोखंडावर होता. दुचाकीच्या बाबतीत सरकारची ममता निराळ्याच ठिकाणी गुंतलेली आहे. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 वा नियम पाहावा: मागे बसणाऱ्याच्या हाताला आधार हवा, पायाला आधार हवा, आणि त्याची वस्त्रे चाकात गुंतू नयेत म्हणून मागील चाकाचा निम्म्यापेक्षा कमी नाही एवढा भाग झाकलेला हवा. पदराची अशी तरतूद झाली. चालविणाऱ्याच्या नडगीचे नाव मात्र त्या सातबाऱ्यावर लागलेले नाही. हे ऐकून सासऱ्यांनी चष्मा पुसला आणि “म्हणजे मोघम आहे,” असा शेरा मारून ते प्रकरण दप्तरी दाखल केले.

“सरकारचं राहू द्या, पाय तर वाचतो ना?” हा मेहुण्याचा पुढचा मुद्दा, आणि येथे शास्त्राचा कौल दुर्दैवाने त्याच्या विरुद्ध पडतो. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅरी हर्ट या संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिसच्या परिसरात मोटारसायकलींच्या सुमारे 900 अपघातांच्या जागी समक्ष जाऊन पंचनामे केले, आणि 1981 साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात असा निर्वाळा दिला की, या दांड्यांमुळे घोटा व पाऊल यांच्या इजा कमी होतात खऱ्या, पण गुडघा, नडगी आणि मांडी यांच्या इजा वाढून हिशेब बरोबरीत सुटतो. म्हणजे संकट रद्द न होता एका तालुक्यातून त्याची दुसऱ्या तालुक्यात बदली होते. मेहुण्याने हा सगळा मजकूर शांतपणे ऐकून घेतला आणि त्या अमेरिकेत वरंध्याचा घाट नाही, अशी हरकत नोंदविली. तिला उत्तर नव्हते.

अखेर आम्ही नाना पेठेत गेलो. तेथील एका दुकानात लेगगार्डांचे जे वैभव टांगलेले होते, ते पाहून चिलखतांच्या दालनात आल्याचा भास व्हावा: चकचकीत स्टीलचे, काळ्या रंगाचे, फुलपाखराच्या पंखांसारखे पसरलेले आणि म्हणून ‘बटरफ्लाय’ म्हणविणारे, तर काही इतके रुंद की ते बसविल्यावर गाडीस आमच्या वाड्याच्या दिंडीतून बाहेर पडण्याची आशाच उरली नसती. जवळ बसलेल्या वृद्ध मिस्त्रींनी आमचा वाद काही काळ ऐकला, हातातील पाना खाली ठेवला आणि म्हणाले, “साहेब, पायाचं काय व्हायचं ते होतंच. गार्ड इंजनासाठी घ्या.” त्यांच्या मते पातळ नळीचा आणि एकाच बोल्टवर लटकणारा गार्ड गाडी पडताच फिरतो व ज्याचे रक्षण करावयाचे त्या इंजिनातच घुसतो, उलट नळी भक्कम पण जोड कच्चा असला, तर गार्ड सुखरूप राहतो आणि चेसीचा कान वाकतो. तेव्हा तो चेसीला वर आणि खाली, दोन्हीकडे धरलेला असावा, आणि त्याची रुंदी हँडलच्या आत असावी. या एका परिच्छेदात जेवढे ज्ञान होते, तेवढे आमच्या घरातील सर्व चर्चांत मिळून नव्हते. पण रुंदीचे कलम मेहुण्याने ऐकले नाही, आणि पैसे तोच देत असल्यामुळे मला त्याच्यावर अंमल चालविता आला नाही. वर त्याला गार्डाभोवती लाल-पिवळी नायलॉनची दोरी गुंडाळून हवी होती. या दोरीखाली पावसाचे पाणी मुरून लोखंड गंजते, हे मिस्त्रींनीच सांगितल्यामुळे तेवढी एक आपत्ती टळली.

पौष महिन्यातल्या एका गार पहाटे आम्ही निघालो. कापूरहोळला महामार्ग सोडला आणि भोरच्या रस्त्यास लागलो, तेव्हा लेगगार्डाचा खरा उपयोग काय, हे प्रथम ध्यानात आले. समोरून येणाऱ्या एकाही दूधवाल्याच्या गाडीचा गार्ड पडण्याची वाट पाहत रिकामा बसलेला नव्हता. कोणाच्या गार्डाला किटल्या, कोणाच्या गार्डाला भाजीच्या पिशव्या, तर एकाच्या गार्डावर वैरणीच्या पेंढीचा भार टेकलेला. मेहुण्याने या लोकशिक्षणाचा निराळाच अर्थ घेतला. सरळ रस्ता दिसताच त्याने दोन्ही पाय उचलून गार्डावर ठेवले आणि तो आरामखुर्चीत बसल्यासारखा गाडी हाकू लागला. अशा आसनात पाय ब्रेकपासून हातभर दूर असतात, ही गोष्ट मी मागून शक्य तेवढ्या मोठ्याने त्याला कळविली. निरा देवघरचे पाणी डाव्या-उजव्या हाताला दिसू लागेपर्यंत तो पाय खाली घ्यायला राजी नव्हता; पुढे वळणे सुरू झाली आणि त्यांनी जे काम केले ते माझ्या ओरडण्याने झाले नव्हते.

वरंध्याच्या माथ्यावर वाघजाईचे देऊळ आहे आणि तेथे भजी मिळतात. पावसाळ्यात दरडींमुळे हा घाट वारंवार बंद असतो. पण थंडीत त्या टपरीपाशी खाली कोकण, वर माकडे आणि मध्ये कढई, असा जो योग जुळतो त्यापुढे कोणतेही तीर्थ फिके वाटावे. मेहुण्याने गाडी साइड स्टँडवर लावली, आम्ही बशा हातात घेतल्या, आणि मग 195 किलो लोखंडाचा तो सावकाश प्रणिपात आमच्या डोळ्यांसमोर घडला. स्टँडखालचा मुरूम हळूच खचू लागला. गाडी एक अंश कलली, थांबली, जणू आमच्याकडे पाहिले, आणखी कलली. धावून जाण्यास वेळ पुष्कळ होता. परंतु दोघांच्याही मनात, बशी ठेवायची कोठे, हा प्रश्न एकाच वेळी उभा राहिला, कारण वर माकडे टपलेली होती. शेवटी गाडी डाव्या कुशीवर गेली आणि तो लोखंडी पंख मुरमात रुतून तिला अर्ध्यावरच तोलून राहिला. टाकीला ओरखडा नाही, गिअरचा दांडा सरळ, इंजिनाचे झाकण शाबूत, पेट्रोलचा थेंब सांडलेला नाही. गाडी पुरती आडवी न झाल्यामुळे उचलणेही सोपे झाले, तरी आम्ही दोघे तिला हँडलाकडून ओढू लागलो, तेव्हा टपरीवरच्या आजींनी झारा उगारून सांगितले, “अरे दादांनो, पाठ लावा नि उठा!” पाठ लावली, आणि ती उठली. या काळात माकडांनी भजी नेली.

महाडपासून हरिहरेश्वरापर्यंतचा रस्ता निर्विघ्न पार पडला, त्यामुळे त्याविषयी लिहिण्यासारखे काही नाही.

बागमांडल्याच्या धक्क्यावर मात्र लेगगार्डाने दुसरी बाजू दाखविली. येथून फेरीबोट सावित्रीच्या मुखावरून पलीकडे वेसवीला जाते, आणि तिच्यावर मोटारी, टेंपो, मासळीच्या पाट्या व दुचाक्या इतक्या लगटून उभ्या करतात की, त्यांत बोट शिरकवायला जागा नसते. आमच्या शेजारी कोल्हापूरकडची एक बुलेट होती, तिलाही तसलाच पंख होता, आणि खाडीच्या मध्यावर बोट जराशी डोलताच आमचा पंख त्यांच्या पंखात गुंतला. वेसवी आली, फळी पडली, मागच्या मोटारी भोंगे वाजवू लागल्या.

“पाव्हणं, तुमची मागं घ्या की जरा.”

“मागे टेंपो आहे. तुम्ही पुढे घ्या.”

“पुढं मासळी हाय.”

दोन्ही संस्थाने आपापल्या हद्दीवर ठाम राहिली. अखेर बोटीवरच्या एका खलाशाने वाद न ऐकताच चौघा जणांना बोलावून आमची गाडी पुढून उचलविली व बाजूला ठेवविली. त्यानंतर मेहुणा आणि तो कोल्हापूरकर हे दोघे धक्क्यावर बराच वेळ एकमेकांच्या गार्डाची रुंदी वितीने मोजीत, अत्यंत सौहार्दाने बोलत उभे होते.

माझा निकाल असा आहे. वजनदार गाडीला लेगगार्ड अवश्य बसवावा, कारण ती बहुधा उभी असतानाच पडते, आणि त्या पडण्यात तो इंजिन व खर्च दोन्ही वाचवितो. पायासाठी घोट्यापर्यंतचे बूट आणि डोक्यासाठी हेल्मेट घ्यावे. ती कामे लोखंडाकडे सोपवू नयेत. गार्ड हँडलपेक्षा रुंद घेऊ नये, त्याचे बोल्ट पावसाळा संपताच आवळून घ्यावेत, मुरमावर साइड स्टँडखाली एक चपटा दगड ठेवावा, आणि बागमांडल्यास फेरीबोटीवर चढताना आपल्या शेजारी कोणती गाडी लावली जाते, याकडे वाचकांनी कृपया लक्ष ठेवावे.