बसू नये, उभे राहू नये

इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावर, जिनोआच्या पूर्वेला, पोर्तोफिनो नावाचं गाव आहे. वस्ती जेमतेम 400 माणसांची. छोटंसं बंदर, त्याला लागून चौक, चौकाभोवती गेरू-गुलाबी-पिवळी घरं, वर टेकडीवर किल्ला. जगभरातली माणसं इथे काहीही न करण्यासाठी येतात. आणि काहीही न करण्याला इथे दंड आहे.

2023 मध्ये पालिकेने गावातल्या दोन जागा लाल क्षेत्र म्हणून जाहीर केल्या. दृश्य जिथून सर्वांत सुरेख दिसतं, नेमक्या त्याच. सेल्फीवाल्यांनी वाट अडते म्हणून सकाळी साडेदहा ते संध्याकाळी सहा तिथे रेंगाळायचं नाही. दंड 275 युरोंपर्यंत. उभं राहण्याचा असा निकाल लागल्यावर 2025 च्या उन्हाळ्यात पालिकेचं लक्ष बसण्याकडे गेलं. रस्त्यात, भिंतीच्या कडेला बसू नये. आडवं होऊ नये. अनवाणी हिंडू नये, उघड्या अंगाने किंवा पोहण्याच्या कपड्यांत फिरू नये, रस्त्यात दारू पिऊ नये. दंड 25 ते 500 युरो, अपराध्याच्या ऐसपैसपणाप्रमाणे.

हे वाचलं आणि खात्री पटली की पोर्तोफिनोला हवा असलेला आदर्श पर्यटक दादर ते डोंबिवली या पट्ट्यात राहतो. आमचे काका भूमध्य समुद्रावर भर जुलैत पूर्ण पँट, मोजे, बूट आणि वर विंडचीटर घालून उतरतात. अनवाणी होतात ते फक्त देवळात. काकूंना पोहण्याच्या कपड्यांत हिंडू नका हे सांगायला पालिकेची गरज नाही, त्यांनी स्वतःच सगळ्या ग्रुपला तशी नजर दिलेली असते. दारूचं म्हणाल, तर ती हॉटेलच्या खोलीत, दार लावून, शेवेबरोबर. राहिलं रेंगाळणं. ते टूर मॅनेजरच्या राज्यात शक्यच नाही. “पंचेचाळीस मिनिटं आहेत, फोटो काढा, बोटीवर या!” एवढ्यात ग्रुप फोटो, जोडीचे फोटो आणि ‘आमचाही एक काढा’ हे सगळं आटोपतं. इटालियन पोलीस दंडाची पावती काढेपर्यंत आमची माणसं मोजून झालेली असतात.

बसायचंच असेल तर खुर्ची आहे. इटलीत कॉफी काउंटरशी उभ्याने प्यायली तर एक भाव, टेबलाशी बसून प्यायली तर दुसरा. आणि पोर्तोफिनोच्या चौकातला दुसरा भाव समुद्रासकट असतो. तरी हिशेब करा: फोटोसाठी थांबलात तर 275, जमिनीवर टेकलात तर 500. त्यापुढे कॉफी स्वस्तच म्हणायची. काका मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करतात आणि म्हणतात, बसण्याचे पैसे मी मुंबईतच भरलेत, शेजारच्या सांता मार्गेरिता गावात उभ्या असलेल्या बसमध्ये.

अर्थात सगळेच मुंबईकर इतके घाईत नसतात. 1 जून 2024 ला अंबानींच्या लग्नपूर्व जलसफरीची सांगता याच गावात झाली, आंद्रेआ बोचेल्लीच्या गाण्यासह. गावात उभं राहावं की अख्खं गाव आपल्यासाठी उभं करावं, हा शेवटी ज्याच्या त्याच्या ऐपतीचा प्रश्न आहे.

त्या सुंदर घरांविषयीही एक गोष्ट सांगायला हवी. त्यातल्या कितीतरी खिडक्या खोट्या आहेत. चौकट, झडपा, वरची दगडी नक्षी, सगळं सपाट भिंतीवर रंगाने काढलेलं. लिगुरियाची ही जुनी चाल, आणि हात इतके सफाईदार की फसायला आनंद वाटावा. थोडक्यात, चित्रातल्या खिडकीसमोर उभं राहून आपण आपलं चित्र काढतो आणि पालिका त्या उभं राहण्याचे पैसे मागते. इथे खरा आहे तो फक्त दंड.

कंटाळा येईपर्यंत थांबायची मुभा या किनाऱ्यावर एकालाच मिळाली आहे. डोंगराच्या पलीकडे, सान फ्रुत्तुओसोच्या खाडीत, 17 मीटर पाण्याखाली येशूचा ब्राँझचा पुतळा 1954 पासून हात वर करून उभा आहे. एकदा डागडुजीसाठी वर काढला तेवढं वगळता जागा सोडलेली नाही, कॉफी मागवलेली नाही, आणि पाणबुडे त्याच्याभोवती गर्दी करून फोटो काढतात ते वेगळंच. पण ती खाडी कामोली पालिकेच्या हद्दीत येते.