तिसरी घंटा

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात वेळेला फार मान आहे. पहाटे साडेपाचला कानाला मफलर गुंडाळून माणसे कंपनीच्या बसची वाट बघत थांब्यावर उभी असतात, आणि बस कोणासाठी थांबत नाही. भोसरीतल्या वर्कशॉपमधून सुटे भाग घेऊन निघालेला टेम्पो चाकणच्या तळेगाव चौकात अडकला, की कारखान्यातून फोनवर फोन सुरू होतात. साठा करून ठेवण्याची पद्धत आता राहिलेली नाही. माल वेळेवर पोचला नाही तर लाइन थांबते, आणि लाइन थांबली की कोणाला तरी लेखी खुलासा द्यावा लागतो. मी याच कामात आहे आणि या शिस्तीचा मला अभिमान आहे. म्हणूनच, ज्या गावात नटबोल्ट वेळेवर पोचतो त्याच गावात गाणे वेळेवर सुरू होत नाही, याचा मला मनापासून राग येतो.

हिवाळा हा आमच्याकडचा कार्यक्रमांचा हंगाम. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ रंगमंचावर आणले, त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन साजरा होतो, तिथून याची सुरुवात. मग कार्तिकीला आळंदी भरते. मार्गशीर्षात चिंचवडला मोरया गोसावींचा संजीवन समाधी महोत्सव असतो. हौशी मंडळींची राज्य नाट्य स्पर्धा, बचत गटांच्या बायकांची पवनाथडी जत्रा, शाळांची स्नेहसंमेलने, चौकाचौकांतल्या मंडळांच्या व्याख्यानमाला आणि गाण्याच्या मैफिली, सगळे याच तीन-चार महिन्यांत दाटीवाटीने उरकले जाते. जागांची वानवा म्हणावी तर तीही नाही. चिंचवडला प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह, संत तुकारामनगरला आचार्य अत्रे रंगमंदिर, भोसरीला अंकुशराव लांडगे नाट्यगृह, सांगवीच्या बाजूला निळू फुले यांच्या नावाचे, प्राधिकरणात गदिमांच्या नावाचे. १९८२ साली महापालिका झालेल्या गावाने एवढी नाट्यगृहे उभी केली, ही लहान गोष्ट नाही.

मोठे काम अंगावर घ्यायची ताकदही आहे. जानेवारी २०१६मध्ये ८९वे साहित्य संमेलन इथे झाले, पिंपरीत एचए कंपनीच्या मैदानावर. जानेवारी २०२४मध्ये शंभरावे नाट्यसंमेलन चिंचवडला झाले, जब्बार पटेल अध्यक्ष होते. १९०५ साली दादासाहेब खापर्ड्यांच्या अध्यक्षतेखाली सुरू झालेल्या परंपरेचे शंभरावे संमेलन २०२०मध्ये व्हायचे होते, ते कोरोनामुळे लांबले आणि अखेरीस आमच्या वाट्याला आले. शंभरावे संमेलन भरवू शकणाऱ्या गावाला दोन तासांची गायनसभा साडेसहाला सुरू करता येत नाही, हे मला पटत नाही. जमत नाही असे नाही, कोणाला ते महत्त्वाचे वाटत नाही.

गेल्या डिसेंबरात एका मोकळ्या मैदानावरच्या गायनाला गेलो होतो. वेळ साडेसहाची. सव्वासहाला मी खुर्चीत होतो. तेव्हा मंचावर गायकबुवांच्या दोन शिष्या तंबोरे लावत होत्या आणि तबलजी हातोडीने गठ्ठे ठोकून तबला सुरात आणत होते. साडेसहाला सगळे तयार होते. गवई तयार, साथीदार तयार, ध्वनिव्यवस्थेवाला तयार, आम्ही तयार. मान्यवर यायचे होते. ते सव्वासातला आले. मग समई पेटवायला घेतली. मैदानावर वारा होता, वात विझली. ती पुन्हा पेटवली, तर छायाचित्रकाराला एक मान्यवर दिसत नव्हते, म्हणून सगळ्यांनी समईभोवती पुन्हा हात धरले. नंतर प्रास्ताविक. नंतर सत्कार. शाल, श्रीफळ, गुलाबाचे फूल, खोक्यातले स्मृतिचिन्ह. प्रत्येक नावाला निवेदक परिचय वाचून दाखवीत होता, आणि तबकात शाली संपल्या म्हणून आधी दिलेल्यांतल्या दोन शाली मागून आणून पुढच्यांना घातल्या. मग प्रमुख पाहुण्यांचे मनोगत. हे सगळे चालू असताना कलाकार मंचावरच मागे मांडी घालून बसले होते. तबलजींनी दोन्ही हात काखेत दाबून धरले होते. बोटे गारठली तर वाजवणार काय?

माइक गायकाकडे आला तेव्हा सव्वाआठ होऊन गेले होते. तोवर दव पडायला लागले होते. दवाने तबल्याची पुडी ओलसर झाली की सूर उतरतो, आणि गार हवेत तंबोऱ्याच्या ताराही जागेवर राहत नाहीत. दोन तासांपूर्वी लावलेले सगळे उतरले होते. तबलजींनी पुन्हा हातोडी घेतली, शिष्यांनी पुन्हा खुंट्या पिळल्या. माझ्या मागच्या रांगेतल्या एक बाई वैतागून म्हणाल्या, ‘आता हे आणखी ठोकत बसणार!’ त्यांची चूक नाही, त्या कधीपासून थंडीत बसल्या होत्या. पण उशिराचे खापर फुटले ते वेळेवर येऊन बसलेल्या माणसावर. पाऊण तास उशिरा आलेल्यांविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. मला त्या संध्याकाळी सगळ्यात जास्त हेच लागले.

उघड्यावरच्या कार्यक्रमात आणखी एक अडचण असते, आणि ती आयोजकांना पक्की ठाऊक असते. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. त्यांनुसार रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक चालत नाही. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस शासन बारापर्यंत सूट देऊ शकते, ती सूट सणांना आणि मोठ्या उत्सवांना जाते. भीमसेन जोशींनी १९५३ साली गुरूंच्या स्मरणार्थ सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव एके काळी पहाटेपर्यंत चालायचा, त्यालाही या नियमाने आपले वेळापत्रक बदलावे लागले. नियम योग्यच आहे, परीक्षेच्या दिवसांत मीही रात्री खिडक्या लावून घेतो. पण त्यामुळे हिशेब सरळ होतो. शेवटची वेळ कायद्याने बांधलेली आहे. सुरुवात पुढे सरकली की कापले जाते ते मधले, म्हणजे गाणे. भाषण कापले गेल्याचे मी पाहिलेले नाही. त्या रात्री बुवांनी मारुबिहागाचा विलंबित ख्याल नुकता मांडायला घेतला होता. एकेका स्वरावर थांबत ते पंचमापर्यंत आले, आणि मंचाच्या कडेला उभ्या असलेल्या कार्यकर्त्याने घड्याळ दाखवले. बुवांनी मान डोलावली आणि द्रुत घेतले. ज्याच्यासाठी माणसे ब्लँकेट घेऊन आली होती ते पंधरा मिनिटांत आटोपले.

खुर्च्यांचेही सांगायला हवे. प्रवेश विनामूल्य, ‘काही जागा राखीव’. ‘काही’ म्हणजे पुढच्या चार-पाच रांगा. त्यांना कागद चिकटवलेले असतात आणि बहुतेक वेळ त्या मोकळ्या असतात. मागे म्हातारी माणसे उभी. मध्येच एक मान्यवर आठ-दहा जणांना घेऊन येतात, पुढच्या रांगेतले सगळे उठून नमस्कार करतात, गायकाला खुणेने थांबवले जाते, पुष्पगुच्छ दिला जातो, आणि दहा मिनिटांनी ती सगळी मंडळी पुढच्या कार्यक्रमाला निघून जातात. रांग पुन्हा मोकळी. तिथे बसायला गेलेल्या एका आजोबांना स्वयंसेवकाने उठवलेले मी पाहिले आहे. स्वयंसेवक कॉलेजातला मुलगा होता, त्याला जे सांगितले ते त्याने केले. गाणे सुरू झाल्यावर राखीव जागा मोकळ्या कराव्यात, एवढी साधी सूचना त्याला कोणी दिली नव्हती.

बंद नाट्यगृहात दहाचा नियम लागत नाही, तिथे वेगळेच दुखणे आहे. नाट्यगृह सत्रांवर भाड्याने दिले जाते. डिसेंबर-जानेवारीत दिवसाची सत्रे शाळांच्या स्नेहसंमेलनांनी भरलेली असतात. ती मुलांची हक्काची मजा आहे, तिच्यावर माझा रोख नाही. पण स्नेहसंमेलन बक्षीस समारंभामुळे लांबते, पालक मंचावर फोटो काढत राहतात, आणि रात्रीच्या प्रयोगाचे नेपथ्य घेऊन आलेला ट्रक मागच्या दाराशी उभा असतो. सेट लावणाऱ्या मंडळींना दोन तासांचे काम पाऊण तासात करावे लागते. साडेनऊचा प्रयोग सव्वादहाला सुरू होतो आणि पाऊण-एकला पडदा पडतो. तिसरी घंटा हा नाट्यगृहातला शब्द आहे. ती झाली की अंधार, मग कोणाला आत सोडायचे नाही, ही जुनी शिस्त. आमच्याकडे तिसऱ्या घंटेनंतरही मोबाइलची बॅटरी लावून माणसे खुर्ची शोधत असतात, आणि पहिल्या प्रवेशातली वाक्ये ‘जरा पाय घ्या हो’ या वाक्याखाली जातात.

फोन वाजणे, वेफर्सची पिशवी, गाण्याच्या मध्येच गाडीचा नंबर पुकारून ती हलवायला सांगणे, यांविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. त्यात मी भर घालत नाही.

एका आयोजकांना मी हे सगळे बोलून दाखवले. ओळखीचे गृहस्थ आहेत, तळमळीचे आहेत. ते म्हणाले, ‘अहो, लोकच वेळेवर येत नाहीत. साडेसहाला सुरू केले तर रिकाम्या खुर्च्यांपुढे गायचे का?’ लोक उशिरा येतात हे खरे. पण ते आपणच शिकवले. सहाची पाळी असली तर इथला माणूस पावणेसहाला गेटवर असतो, कारण गेट बंद होते हे त्याला माहीत आहे. ते पुढे म्हणाले, मांडव, ध्वनिव्यवस्था, बिदागी, एवढा खर्च येतो, तिकीट काढून लोक येत नाहीत, मग ज्यांनी पैसे दिले त्यांचा मान राखायला नको? राखायलाच हवा. त्यांच्यामुळेच मला फुकट गाणे ऐकायला मिळते, हे मी विसरत नाही. पण तो मान मध्यंतरात राखता येतो, पत्रिकेत छापता येतो, शेवटी भैरवीआधी पाच मिनिटांत उरकता येतो. शाल कार्यक्रमाच्या आधीच घातली तर ऊब जास्त येते असे नाही.

या उशिराची किंमत कोण मोजतो, हे पाहायला रात्री दारापाशी उभे राहावे. दहाच्या सुमारास पहिल्या पाळीवाले उठायला लागतात. त्यांना पहाटे साडेचारला उठायचे असते. चाकणकडचा माणूस त्याहून आधी उठतो, कारण भोसरीपुढे नाशिक रस्त्यावर बस कधी मिळेल आणि मिळाली तर कुठे अडकेल, याचा भरवसा नसतो. मेट्रोने पिंपरी ते स्वारगेट सोपे केले आहे, पण इंद्रायणीपलीकडे राहणाऱ्याला त्याचा काय उपयोग? ही माणसे चपला हातात घेऊन, वाकून, कोणाला त्रास न देता बाहेर पडतात. सत्कार सगळे ऐकलेले असतात, तिसरा अंक पाहिलेला नसतो. दुसऱ्या पाळीवाला तर कधी येऊच शकत नाही. तो सुटतो तेव्हा सतरंज्या गुंडाळलेल्या असतात.

हीच माणसे या गावाचा प्रेक्षक आहेत आणि कलाकारही. महाराष्ट्र कामगार कल्याण मंडळ १९५३च्या कायद्याने उभे राहिले, त्याच्या नाट्यस्पर्धेत वर्षानुवर्षे कारखान्यातलीच मंडळी नाटके करत आली आहेत. माझ्या ओळखीतला एक फिटर दुसरी पाळी सुटल्यावर तालमीला जायचा, सगळे त्याच्यासाठी थांबायचे. त्याची एंट्री दोन मिनिटांची होती. एकही तालीम त्याने बुडवली नाही.

म्हणून आयोजकांना माझे एकच सांगणे आहे. भोसरी-पिंपरीच्या एमआयडीसीत आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या नियोजनातून ही पद्धत पडली, अजूनही वीजपुरवठ्याच्या दुरुस्त्या त्याच दिवशी निघतात. सगळे गाव हे जाणते. तरी कार्यक्रम लागतात ते शनिवारी आणि रविवारी. गुरुवारी सकाळी नाट्यगृहे कित्येकदा रिकामी असतात. एक गुरुवार धरा. सकाळी साडेदहाची वेळ छापा आणि साडेदहाला तिसरी घंटा द्या, समोर दहाच माणसे असली तरी द्या. सत्कार मध्यंतरात. तिकीट लावा, शंभर रुपये लावा. माझ्या विभागातल्या पंधरा जणांची तिकिटे मी आगाऊ काढून ठेवतो, आणि त्यांतला एकही उशिरा येणार नाही.